दलालांनाही लाइन क्लिअर हवी



निवृत्तीनंतर रेल्वे क्वार्टर ४ महिने साध्या भाड्यात, पुढचे ४ दुप्पट भाड्यात. तेवढ्यात घर शोधायचे. आमचा एक पॉइंट्समन रजा टाकून कल्याणला जागा पाहायला गेला. वेळ दलालाने दिलेली, पण चावी दुसऱ्या दलालाकडे! त्याला फोनच केलेला नव्हता. का? तर तो पार्टी पळवील. दुसऱ्या जागेच्या दारात दोन दलाल एकाच वेळी आपापली पार्टी घेऊन भांडत उभे, आणि आत भाडेकरू, रात्रपाळी करून झोपलेला टपाल कर्मचारी. त्याला कोणी विचारलेच नव्हते.

पुढच्या स्टेशनाची लाइन क्लिअर घेतल्याशिवाय आम्ही गाडी सोडत नाही. हे लोक खुशाल माणसे सोडतात. रजा आमची वाया, दलाली मात्र दोन्हीकडून!

२०१६ च्या रेरा कायद्याने एजंटांना नोंदणी सक्तीची केली, पण ती नोंदणीकृत प्रकल्पांतल्या विक्रीपुरती. जुन्या घरांची फेरविक्री मोकळीच. आणि आमच्या ऐपतीची घरे तीच! तिथेही कायदा लावा, ही आमची मागणी आहे. तोवर सभासदांनी चावीवाल्याचा आणि राहत्या माणसाचा होकार कळल्याशिवाय रजेचा अर्ज देऊ नये.