हातांतील पत्रें

आमच्या नातीस अमेरिकेंतील दोन विद्यापीठांनीं मानसशास्त्राच्या पीएच.डी.साठीं प्रवेश देऊं केला. तिसऱ्या, नांवाजलेल्या विद्यापीठानें प्रतीक्षायादींत ठेविलें. विद्यावेतनासह मिळालेल्या प्रवेशास १५ एप्रिलपर्यंत उत्तर देण्याची मुभा तेथील बहुतेक विद्यापीठें देतात. म्हणून ती दोन्ही पत्रें धरून बसली होती.

मीं म्हटलें, "बाळ, मार्गदर्शक कोण आणि वेतनांत तेथील खर्च भागतो कीं नाहीं, एवढें ताडून पाहा. एक पत्र ठेव, दुसरें आजच सोड. कोणी नकार दिल्यावांचून यादी हलत नाहीं. तूं वाट पाहतेस, तशीच तुझ्या जागेचीहि कोणी पाहत असेल."

त्याच रात्रीं तिनें एकास नकार कळविला. तिसऱ्याकडून अद्याप उत्तर नाहीं. पण कोणाचें तरी उत्तर तिच्यापाशीं अडकलेलें नाहीं.