मांजर घराचं की माणसाचं?

‘कुत्रा माणसाला जीव लावतो, मांजर घराला,’ असं आपल्याकडे अगदी सहज म्हटलं जातं. म्हणजे काय, तर माणसं राहिली काय नि गेली काय, मांजराला त्याचं सोयरसुतक नसतं! ऊबदार कोपरा, दुधाची वाटी आणि लोळायला गादी मिळाली की झालं. मांजर लबाड, मांजर स्वार्थी, मांजर डोळे मिटून दूध पितं... बिचाऱ्याच्या वाट्याला भाषेतसुद्धा चांगलं काही आलेलं नाही. आडवं गेलं की अपशकुनही त्याचाच!

हे सगळं गमतीत बोलण्यापुरतं असतं, तर माझी काही तक्रार नव्हती. पण याच समजुतीचा आधार घेऊन लोक मांजराला वाऱ्यावर सोडतात आणि वर ‘त्याचं ते बघतं हो’ म्हणून मोकळे होतात. म्हणून आज हा लेखनप्रपंच.

आमचं बिऱ्हाड मुळशी तालुक्यातल्या एका लहानशा गावात आहे. ह्यांची नोकरी हिंजवडीला, मुलगी शिकायला पुण्यात. घर सांभाळून मी आसपासच्या वाड्यांवर महिला बचत गटांचं काम बघते. आणि घरात सासूबाईंखेरीज तीन मंडळी आहेत – ठमी, चिंगी आणि बंडोपंत. पहिल्या दोघी भाट्या आणि तिसरा बोका, हे नावांवरून लक्षात आलंच असेल. ‘घरात मांजराचे केस नकोत गं बाई,’ असं सुरुवातीला म्हणणाऱ्या सासूबाईंच्या मांडीवर आता बंडोपंत पोथी ऐकत झोपतात, आणि ते उठेपर्यंत सासूबाईही जागच्या हलत नाहीत!

गावात राहण्याचा खरा आनंद कसा घ्यायचा, हे मला या तिघांनी शिकवलं, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. शहरातून येणारी पाहुणेमंडळी एका दिवसात धरण, धबधबा आणि किल्ला उरकतात आणि संध्याकाळी दमून परत जातात. मांजर मात्र पडवीच्या एकाच पायरीवर अख्खी सकाळ काढू शकतं. त्याच्या शेजारी चहाचा कप घेऊन बसलं, की आपणही बघायला लागतो... शेवग्यावर आलेला शिंजीर, कुंपणावरचा दयाळ, पेंढ्याच्या उडवीखालची लगबग. मे महिन्याच्या शेवटी झाडं काजव्यांनी लखलखतात, तेव्हा चिंगी खिडकीत पुतळ्यासारखी बसते. पहिला पाऊस पडला की ठमी पंजा झटकत, नाक मुरडत आत येते आणि चुलीजवळची जागा धरते. ती एकदा जागेवर बसली, की पावसाळा लागला असं सासूबाई जाहीर करतात. आवणीच्या दिवसांत शेतावरून चिखलानं माखून परतावं, तर दारात तिघं शेपट्या उभारून स्वागताला हजर! असं स्वागत घरातलं दुसरं कोण करतं हो?

आता सांगा, हे प्रेम घरावरचं की माणसांवरचं? यावर अभ्यासही झालाय बरं का. २०१९ साली अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी मांजराची पिलं आणि त्यांना सांभाळणारी माणसं यांच्यावर एक प्रयोग केला. पिलाला अनोळखी खोलीत थोडा वेळ एकटं ठेवायचं आणि मग त्याचं माणूस परत आत पाठवायचं. लहान मुलांच्या आईशी असलेल्या नात्याचा अभ्यासही याच धर्तीवर होतो. सुमारे ६४ टक्के पिलं आपलं माणूस दिसताच निवांत झाली. म्हणजे खोली परकी असली, तरी माणूस आपलं असलं की त्यांना पुरत होतं. सासूबाईंना हे वाचून दाखवलं तर म्हणाल्या, ‘यासाठी अमेरिकेत कशाला जायला हवं?’

मग मांजर माणसाला ओळखतं, तर त्याला सोडून देताना माणसाला काहीच कसं वाटत नाही? आमच्या गटाच्या बैठकीत हा विषय निघाला तो एका मावशींमुळे. हप्त्याचे पैसे मोजता मोजता त्या म्हणाल्या, “ताई, रविवार झाला की सोमवारी सकाळी फाट्यावर पिलं वरडत असत्यात. पोरांना ती घरी आणल्याबिगर ऱ्हावत न्हाई. आता मला सांगा, दूध डेरीला घालायचं का पिलांना पाजायचं?”

मुळशी असो, मावळ असो की पानशेतचा परिसर, डोंगर आणि पाणी बघून शहरातल्या अनेकांनी इथे बंगले, फार्महाऊस घेतली आहेत. घ्यावीत, जरूर घ्यावीत! पण सोसायटीत जड झालेली मांजरं गाडीत घालून इथे आणून सोडण्यासाठी ही गावं नाहीत. काही जण तर पिलं हौसेनं आणतात, दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत खेळवतात आणि बंगल्याला कुलूप लावून निघून जातात. ‘गावात काय, उंदीर मिळतील, मोकळी हवा मिळेल!’ ही त्यांची समजूत. प्रत्यक्षात गादीवर वाढलेल्या मांजराला शिकार करून पोट भरणं सहज जमत नाही. गावची कुत्री त्याला परकं समजून फाडतात. रात्री रानात बिबट्या असतो, पायवाटेवर घोणस आणि मण्यार असते. आणि ज्याला शिकार जमते, त्याच्यापायी बुलबुल, शिंपी, दयाळ यांची घरटी रिकामी होतात. सह्याद्रीत वाघाटी नावाचं एक इवलंसं रानमांजर आहे, जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक. पाळीव मांजरांचे काही संसर्गजन्य आजार अशा रानमांजरांनाही होऊ शकतात. म्हणजे एका मांजराला सोडून आपण किती जणांच्या जिवाशी खेळतो पाहा.

मांजरी आपली पिलं सात घरं फिरवते, असं जुन्या बायका सांगतात. जागा सुरक्षित वाटली नाही, की ती एकेक पिलू मानेला धरून दुसरीकडे नेते. ती बिचारी सात घरं पारखते आणि आपण एकही न पारखता फाट्यावर पिशवी ठेवून निघतो! जनावराला उपासमार होईल अशा अवस्थेत टाकून देणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर १० ते ५० रुपये! एवढ्याशा दंडाला कोण भिणार? तेव्हा इथे कायद्यापेक्षा आपली मनंच कामाला यायला हवीत.

मांजर सोडण्याचं एक कारण बायकांच्या बाबतीत फार ऐकू येतं. घरात सून गरोदर आहे, आता मांजर नको! यामागची भीती अगदीच खोटी नाही. टोक्सोप्लाझ्मोसिस हा आजार मांजराच्या विष्ठेतून पसरू शकतो आणि गर्भाला अपाय करू शकतो. पण तो कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या मटणातून, न धुतलेल्या भाजीतून, बागेतल्या मातीतूनही होतो. म्हणून मांजराला हाकलण्यापेक्षा त्याची घाण रोजच्या रोज घरातल्या दुसऱ्या कोणी साफ करावी, गरोदर बाईनं मातीत काम करताना हातमोजे घालावेत, हात साबणानं धुवावेत, मटण नीट शिजवावं आणि शंका असेल तर डॉक्टरांना विचारावं. ‘दुसऱ्या कोणी’ म्हणजे बहुतेक घरांत नवऱ्यानं! नऊ महिने हे एवढं काम त्याला जमायला काहीच हरकत नाही, नाही का?

खरं तर सगळ्या दुखण्यावर रामबाण उपाय एकच – नसबंदी. भाटी चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते. जेमतेम दोन महिन्यांत ती विते, एका वेळी तीन-चार पिलं होतात आणि वर्षातून दोन-तीन वेळा हे होऊ शकतं. पिलं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. त्या पिलांमधल्या भाट्या सहा महिन्यांत त्याच रांगेत! ‘एकदा तरी आई होऊ दे तिला,’ असं मला अनेकजणी कळवळून म्हणतात. पण त्या आईपणाचा शेवट जर फाट्यावरच्या पिशवीत होणार असेल, तर त्यात कसली आली माया? शिवाय वेळेवर नसबंदी केलेल्या भाटीला स्तनाच्या गाठींचा धोका बराच कमी होतो. बोकाही रात्री-बेरात्री भटकून मारामाऱ्या करून येत नाही. आमचे बंडोपंत त्याचं जिवंत उदाहरण आहेत.

तालुक्याच्या ठिकाणी जनावरांचा सरकारी दवाखाना असतो, पण त्याचा भर साहजिकच गाई-म्हशींवर. म्हणून आमच्या गटानं ओळखीच्या पशुवैद्यक बाईंना गाठलं, बंगलेवाल्यांकडून वर्गणी काढली आणि शाळेजवळच्या एका रिकाम्या खोलीत शिबिर घेतलं. पहिल्या दिवशी ११ मांजरांच्या शस्त्रक्रिया झाल्या आणि रेबीजची लसही टोचली गेली. ज्या मावशींनी विषय काढला होता, त्यांनीच घरोघर फिरून मांजरं टोपल्यांखाली झाकून आणली. ‘मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची’ हा प्रश्न आमच्या गावापुरता सुटला! प्रत्येक ग्रामपंचायतीनं वर्षातून एक दिवस जरी यासाठी दिला, तरी पुष्कळ काम होईल.

गावाकडे मांजर घेऊन येणाऱ्या मैत्रिणींना माझ्या आणखी चार गोष्टी. एक, संध्याकाळी दिवेलागणीला त्याला घरात घ्या. सकाळपर्यंत ते आत राहिलं, की पक्षीही वाचतात आणि तेही. दोन, नुसत्या दूध-भातावर मांजर जगत नाही. त्याला मांसाहार लागतोच, आणि मोठ्या मांजरांपैकी अनेकांना दूध पचतही नाही. तीन, घरात उंदरांचं विष ठेवू नका. विष खाल्लेला उंदीर खाऊन मांजरही दगावतं. तापाची पॅरासिटामॉलची गोळी तर चुकूनही देऊ नका, मांजराला ती जीवघेणी ठरते. चार, मांजर चावलं किंवा ओरखडलं तर हळद भरून बसू नका. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवा आणि लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लसीबद्दल विचारा.

आणि कायमचं राहणं नसेल तर? तर सरळ मांजराला टोपलीत घालून परत न्या. शनिवारी तुमच्याबरोबर आलेलं मांजर रविवारी तुमच्याबरोबरच परत जायला हवं, हा साधा नियम. ते जमणार नसेल, तर ज्या घरात ठेवता त्या घरातल्या बाईला आधी विचारा. तिच्या चुलीवर, तिच्या दुधावर आणि तिच्या वेळेवर आपण आणखी एक तोंड लादतोय, याची जाण ठेवा. शेवटी घरात मांजर कोणीही आणो, त्याचं करायला लागतं ते बाईलाच, मग ती शहरातली असो की वाडीवरची.

गाव आपल्याला मोकळी हवा देतं, शांतता देतं, ताजी भाजी देतं. त्या बदल्यात आपण गावाला निदान फाट्यावरची पिलं तरी देऊ नयेत. एवढं तर आपल्या हातात आहे... पटतंय ना?