मजुरी कापण्याआधी कोलेट पाहा

छोट्या शेडमध्ये सेकंडहॅण्ड मिलिंग मशीन टाकून रोजी कमावणारे आपले कारागीर बांधव पुष्कळ आहेत. जॉब बिघडला की मशीनवरच्या मुलाची मजुरी कापायची, असा रिवाज अनेक ठिकाणी दिसतो. त्याविरुद्ध दोन शब्द लिहावेसे वाटतात.

ड्रॉबारचेच घ्या. अमेरिकेत 1938 साली निघालेल्या ब्रिजपोर्टच्या धर्तीवरील जुन्या मशीनमध्ये बहुधा आर-8 कोलेट असतो. ड्रॉबारची लांब सळई वरून त्याच्या आट्यांत बसते आणि त्याला स्पिंडलच्या निमुळत्या भोकात ओढते. या ओढीनेच कोलेट कटरला धरतो. उलट एन्डमिलचा पीळ कापताना कटरला खाली खेचतो. पकड कमी पडली की कटर हळूहळू उतरतो आणि खाच खोल होत जाते. मालक ओरडतो, "आवळायला काय झालं होतं?" दुसऱ्या दिवशी मुलगा पान्याला पाइप लावतो!

आर-8 च्या ड्रॉबारचे आटे जेमतेम 7/16 इंचाचे. पाइपच्या जोराने ते मरतात, कोलेट अडकून बसतो, मग लोखंडी हातोडा येतो आणि मार स्पिंडलच्या बेअरिंगला बसतो. साध्या पान्याने एका हाताचा जोर पुरतो. मात्र कोलेट आणि भोक फडक्याने कोरडे पुसलेले हवे, तेल किंवा बुरादा राहता कामा नये. काढताना ड्रॉबार एक-दोन फेरे सैल करून पितळी हातोडीचा एक ठोका द्यावा. जास्त सैल करून मारलेत तर शेवटच्या दोन आट्यांवर सगळा मार येतो. आणि पाना वर विसरून मशीन चालू केली तर तो कुणाच्या डोक्यात बसेल सांगता येत नाही.

मीही एकदा एका मुलाची अर्ध्या आठवड्याची मजुरी कापली होती. डायचा ब्लॉक वाया गेला होता, गिऱ्हाईक तापले होते. नंतर कोलेट काढून पाहिला तर त्याचे तोंड झिजून फाकलेले. तो कोलेट स्वस्तात मिळतो म्हणून भंगारातून मीच उचलला होता! मुलगा तोवर दुसऱ्या शेडमध्ये लागला होता. पैसे त्याच्या घरी नेऊन दिले, पण तो परत आला नाही.

नवा कोलेट, पितळी हातोडी आणि फडके यांचा खर्च मालकाचा आहे. ते न देता मुलाकडून भरपाई कोणत्या तोंडाने मागायची?