परिचारिका-भरती : दारे अनेक, शुल्के अनेक

पनवेल तालुक्यातील उलवे परिसराचा कायापालट सर्वांच्या डोळ्यांत भरतो. खारकोपरपर्यंत लोकल गाडी २०१८ साली आली, अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला आणि शेजारच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. या पट्ट्यातील शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या, तेव्हाच हे घडू शकले. त्या जमिनींच्या न्याय्य मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जो लढा झाला, त्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. शेती गेलेल्या अशा घरातील मुलगी आज परिचारिकेचे शिक्षण पुरे करून सरकारी रुग्णालयाच्या दाराशी उभी राहते, तेव्हा तिच्या वाट्याला काय येते, हे पाहिले पाहिजे.

मुळात हे दार एक नाही. सार्वजनिक आरोग्य विभाग, वैद्यकीय शिक्षण विभाग, प्रत्येक महापालिका आणि केंद्राची कामगार विमा रुग्णालये यांची जाहिरात निराळी, परीक्षा निराळी, यादीही निराळी. २०२३ च्या मे महिन्यात वैद्यकीय शिक्षण विभागाने अधिपरिचारिकांच्या ३,९७४ पदांची जाहिरात दिली. ऑगस्टमध्ये आरोग्य विभागाने विविध संवर्गांतील १०,९४९ पदांची दिली. २०२५ मध्ये नवी मुंबई महापालिकेने ६२० पदांची दिली. शुल्क खुल्या वर्गास हजार रुपये, राखीव वर्गास नऊशे. तिन्ही ठिकाणी अर्ज करणाऱ्या मागासवर्गीय मुलीने नोकरीचा पहिला पगार हाती येण्यापूर्वीच २,७०० रुपये भरलेले असतात. परिचर्या परिषदेची नोंदणी, जातवैधता, नॉन-क्रीमीलेअर दाखला यांसाठीचे हेलपाटे वेगळेच. ज्याला उत्पन्न नाही त्याच्याकडून वसूल होणाऱ्या या रकमेस शुल्क म्हणण्यापेक्षा बेकारीवरील कर म्हणणेच योग्य ठरेल.

बरे, इतके करून प्रक्रियेवर विश्वास तरी बसावा! सप्टेंबर २०२१ मध्ये आरोग्य विभागाची परीक्षा ऐन वेळी पुढे ढकलण्यात आली. ऑक्टोबरमध्ये ती झाली, तर प्रश्नपत्रिका फुटल्याचे उघड होऊन खात्याच्याच अधिकाऱ्यांना अटक झाली. नवी जाहिरात यायला ऑगस्ट २०२३ उजाडला. वयोमर्यादेच्या काठावर असलेल्या उमेदवारांची ही दोन वर्षे कोण परत करणार?

या विस्कळीतपणाचा दुसरा परिणाम रुग्णाला भोगावा लागतो. एकच गुणवान उमेदवार तीन याद्यांत झळकते, रुजू मात्र एकाच ठिकाणी होते. उरलेल्या दोन जागा प्रतीक्षायादी हलेपर्यंत रिकाम्या राहतात. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी. प्रत्यक्षात रात्रपाळीला एका परिचारिकेकडे संपूर्ण कक्ष सोपवलेला दिसतो. ऑक्टोबर २०२३ च्या आरंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावल्याचे कळले, तेव्हा मनुष्यबळाच्या तुटवड्याची चर्चा राज्यभर झाली आणि काही दिवसांत विरूनही गेली.

रिक्त पद ही अर्थसंकल्पात बचत दिसते. परंतु तो खर्च नाहीसा होत नाही. तो रुग्णाच्या नातेवाइकांवर, कामावर असलेल्या परिचारिकेच्या शरीरावर आणि शेवटी खाजगी रुग्णालयाच्या बिलावर चढतो. मग तुटवड्याचे निमित्त करून कंत्राटी नेमणुका पुढे केल्या जातात. नऊ संस्थांमार्फत बाह्य मनुष्यबळ घेण्याचा ६ सप्टेंबर २०२३ चा शासननिर्णय जनक्षोभामुळे ऑक्टोबरमध्ये मागे घ्यावा लागला, हे खरे. तथापि राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कंत्राटी कर्मचाऱ्यांना सेवेत सामावून घेण्याच्या मार्च २०२४ च्या निर्णयाच्या अंमलबजावणीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा संप करावा लागला, हेही तितकेच खरे.

प्रत्येक संस्थेचे सेवानियम वेगळे असल्याने एकत्र भरती अशक्य आहे, असे उत्तर प्रशासनाकडून येईल. ते टिकणारे नाही. बी.एस्सी. नर्सिंगच्या प्रवेशासाठी राज्य सरकार एकच सामायिक परीक्षा घेते. महाविद्यालये निरनिराळी, पण परीक्षा एक. शिक्षणाला जे जमते ते नोकरीला का जमू नये? नेमणुकीचा अधिकार त्या त्या संस्थेकडे ठेवून वर्षातून एकदा ठरलेल्या महिन्यात एक परीक्षा, एक शुल्क, एक गुणवत्ता यादी आणि उमेदवाराने दिलेला पसंतीक्रम, एवढी व्यवस्था राज्याच्या आणि महापालिकांच्या रुग्णालयांपुरती तरी उभी करता येईल. बेरोजगारांना शुल्क माफ असावे आणि प्रतीक्षायादी पुढील परीक्षेपर्यंत चालू राहावी.

अर्थात परीक्षा सुधारल्याने पदे वाढत नाहीत. म्हणून कार्यकर्त्यांनी दोन्ही कामे हाती घ्यावीत. गावोगावी बसून मुलींचे अर्ज व दाखले पुरे करून द्यावेत, आणि माहितीच्या अधिकाराखाली आपल्या भागातील प्रत्येक सरकारी रुग्णालयातील मंजूर, भरलेल्या व कंत्राटी पदांचा हिशेब मागावा. तो हिशेब आरोग्य केंद्राच्या दारावर लागला, म्हणजे भरतीचा प्रश्न एकट्या उमेदवाराचा न राहता साऱ्या गावाचा होईल.