विश्लेषण : मणक्याचे दुखणे सैन्यसेवेचे की वयाचे? अपंगत्व पेन्शनचे दावे का अडतात?

वीस-बावीस वर्षे सैन्यात काढून गावी परतलेल्या जवानाच्या कागदांत अनेकदा दोन नोंदी एकाखाली एक दिसतात. पहिली : सर्व्हायकल स्पॉन्डिलोसिस किंवा स्लिप डिस्क, अपंगत्व 20 टक्के, आयुष्यभरासाठी. दुसरी : या आजाराचा सैन्यसेवेशी संबंध नाही. पहिल्या नोंदीने उघडलेले पेन्शनचे दार दुसरी नोंद बंद करते. मग अपील, पुन्हा अपील आणि शेवटी न्यायाधिकरण. मान-पाठ धरलेल्या माणसाला इतके का चालावे लागते?

ही पेन्शन कोणाला मिळते?

अपंगत्व पेन्शनसाठी मुख्यत: दोन अटी आहेत. अपंगत्व किमान 20 टक्के असावे आणि ते सैन्यसेवेमुळे झालेले किंवा सेवेमुळे वाढलेले असावे. निवृत्तीपूर्वी लष्करी डॉक्टरांचे ‘रिलीज मेडिकल बोर्ड’ जवानाला तपासते आणि या दोन्ही गोष्टींवर मत देते. यातील ‘वाढलेले’ हा शब्द महत्त्वाचा. आजाराचे मूळ सेवेत नसले, पण सेवेच्या ताणाने तो बळावला, तरीही हक्क तयार होतो.

मणक्याचे दावेच का अडकतात?

गोळी लागली, खड्ड्यात गाडी कोसळली, तर तारीख असते, इंज्युरी रिपोर्ट असतो. मणक्याची झीज एका दिवसात होत नाही. पाठीवर ओझे घेऊन केलेली चढण, डोंगरी रस्त्यांवर वर्षानुवर्षे चालवलेला ट्रक, पॅराशूटच्या उड्या, हेलिकॉप्टरची थरथर यांचा हिशेब कोणत्याही एका कागदावर नसतो. बोर्ड मात्र आजार कधी, कुठे उद्भवला हे विचारते. पहिली तपासणी पुणे किंवा झाशीसारख्या ठिकाणच्या लष्करी रुग्णालयात झाली असेल, तर ‘शांतता क्षेत्रात सुरुवात’ असा शेरा पडतो. त्याआधीची सीमेवरची वर्षे हिशेबात येत नाहीत.

दुसरी अडचण वैद्यकीय आहे. मणक्यांमधल्या चकत्या वयाबरोबर सगळ्यांच्याच सुकतात. कसलाही त्रास नसलेल्या लोकांच्या स्कॅनचा एकत्रित अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चकत्यांची झीज विशीतल्या 37 टक्के, तर ऐंशीतल्या 96 टक्के लोकांत दिसली होती. म्हणजे ‘मणक्यात गॅप आहे’ एवढे सांगणारा एमआरआय एकटा काहीच सिद्ध करत नाही; ना सेवेचा संबंध, ना संबंध नसल्याचे. निर्णय घ्यायचा तर कामाचे स्वरूप, त्रासाची सुरुवात आणि पुढची वाढ हे सगळे पाहावे लागते. ‘वयोमानानुसार झीज’ हा शेरा ते कष्ट वाचवतो.

सिद्ध कोणी करायचे?

या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने 2 जुलै 2013 रोजी धरमवीर सिंग प्रकरणात स्पष्ट उत्तर दिले. प्रकरण फेफऱ्याचे होते, पण तत्त्व सर्व आजारांना लागू पडणारे. भरतीच्या वेळी कागदावर कोणत्याही आजाराची नोंद नसेल, तर जवान तेव्हा निरोगी होता असे मानायचे. संबंध नाही हे दाखवण्याची जबाबदारी लष्कराची, शंकेचा फायदा जवानाचा आणि बोर्डाने नकाराची कारणे लिहायलाच हवीत. या निकालाचा आधार 1982 चे नियम होते. 2008 च्या नियमांत निरोगी असल्याचे ते गृहीतक त्याच शब्दांत उरले नाही. तरीही कारणांशिवाय नकार चालणार नाही, ही भूमिका न्यायालयांनी सोडलेली नाही. जुलै 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने केंद्राच्या अशा सुमारे 300 याचिका एकत्रितपणे फेटाळल्या.

पैशांत फरक किती?

100 टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या 30 टक्के रक्कम, या प्रमाणात हिशेब होतो. शेवटचे वेतन 50 हजार धरले, तर 20 टक्क्यांना महिना 3 हजार रुपये. पण 50 टक्क्यांपेक्षा कमी अपंगत्व 50 टक्के धरण्याची सवलत आहे. नियत सेवा संपवून निवृत्त झालेल्यांनाही ती मिळेल, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2014 मध्ये राम अवतार प्रकरणात सांगितले. मग तीच रक्कम साडेसात हजार होते. मात्र आधी सेवेशी संबंध मान्य व्हावा लागतो. नाही तर दोन्ही आकडे शून्य.

सरकारची बाजू काय?

सरकारची चिंता निराधार नाही. निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी 36 ते 40 टक्के, तर जवान व कनिष्ठ श्रेणींतील 15 ते 18 टक्के अपंगत्व पेन्शन घेतात, याकडे ‘कॅग’ने लक्ष वेधले होते. त्यानंतर 21 सप्टेंबर 2023 पासून नवे नियम आले. आजार असूनही सेवेत राहिलेल्यांसाठी ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ हा वेगळा प्रकार आला. जुन्या निवृत्तांना हे नियम लागू नाहीत. पण हेच आकडे दुसरीकडूनही वाचता येतात. ओझे वाहणारा जवान, पण टक्का अधिकाऱ्यांचा दुप्पट. गैरफायदा होत असेल, तर तो रोखण्याची जागा तपासणीचे टेबल आहे. न्यायाधिकरणाच्या पायऱ्या चढणारा सुभेदार किंवा नाईक नव्हे.

अपील कसे करायचे?

प्रथम बोर्डाच्या संपूर्ण कार्यवाहीची प्रत मिळवा. केवळ नकाराचे पत्र पुरेसे नाही. नकारानंतर सहा महिन्यांच्या आत पहिले अपील करा. तेही फेटाळले, तर दुसरे अपील समितीकडे करता येते. त्यानंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरण. महाराष्ट्र, गोवा व गुजरातसाठी त्याचे पीठ मुंबईत आहे. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत अर्ज करावा. उशिराचे सबळ कारण असल्यास तो माफ होऊ शकतो. अर्जासोबत कोणत्या वर्षी कुठे नेमणूक, कोणते काम आणि दुखण्यासाठी पहिल्यांदा डॉक्टरकडे कधी गेलो, याची तारीखवार यादी जोडावी. कागद जमवायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मदत करते. सेवेत असलेल्यांनी पाठ धरली की गोळी घेऊन गप्प बसू नये. नोंद करून घ्यावी.

मग उपाय काय?

उपाय खर्चिक नाही. नकार देणाऱ्या प्रत्येक बोर्डाने अर्धे पान लिहावे : या जवानाने काय काम केले, ते किती वर्षे केले आणि तरीही सेवेचा संबंध का नाही. कारण पटण्याजोगे असेल, तर न्यायालयही ते मान्य करील. आज ते अर्धे पान लिहिले जात नाही, म्हणून पुढे वकील, तारखा आणि उच्च न्यायालयापर्यंतची सरकारी अपिले उभी राहतात. जवान पगारातून वकिलाची फी देत नाही, पेन्शनमधून देतो. सरकारची फी मात्र सगळ्यांच्या करातून जाते. भरतीच्या दिवशी ज्याचा ताठ कणा डॉक्टरांनी तपासून पसंत केला, तो वाकून परतला तर का वाकला, एवढे लिहून देणे हे सैन्याचे देणे आहे.