सुगरणीचे घरटे आणि कॅमेऱ्याचे अंतर

पुण्याहून पक्षी टिपण्यासाठी निघालेल्या गाड्या सोलापूर रस्त्याने थेट भिगवण गाठतात. उजनीच्या पाण्यातील रोहित पक्षी मोठे, संथ आणि नावेतून सहज दिसणारे. वाटेत डावीकडे, मुळा-मुठा आणि भीमा यांच्या मधला राहूचा परिसर ऊस आणि गुऱ्हाळांसाठी ओळखला जातो. पावसाळा लागला की येथल्या विहिरींवर आणि ओढ्यांवर वाकलेल्या बाभळींना सुगरणींची घरटी लोंबू लागतात. पक्षी जेमतेम 15 सेंटिमीटरांचा. पण त्याचे नेटके छायाचित्र मिळवणे रोहितापेक्षा कितीतरी अवघड.

पहिली अडचण अंतराची. 500 मिलिमीटरचे भिंग लावून सहा मीटरवर बसले, तरी सुगरण चौकटीच्या रुंदीचा साधारण तिसरा हिस्साच व्यापते, आणि स्पष्ट उमटणारी खोली दोन-तीन बोटांएवढी असते. डोळा रेखीव आला तर शेपूट धूसर होते. त्यातून ती उडत असली, तर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागात चित्र टिपावे लागते; इतक्या वेगाला भरपूर उजेड हवा आणि आभाळ तर भरून आलेले. मागे उजळ आकाश असले की पिवळ्या माथ्याचा नर निव्वळ काळी आकृती होऊन उमटतो. एक सोय मात्र सुगरणीनेच करून ठेवली आहे. नैर्ऋत्येच्या पावसापासून बचाव व्हावा म्हणून असेल, तिची घरटी बहुधा झाडाच्या पूर्वेकडील अंगाला असतात. त्यामुळे ढग फाटले तर सकाळचे कोवळे ऊन समोरून मिळते.

बहिणाबाई चौधरींच्या कवितेमुळे मराठी घरांत सुगरण पोहोचली ती माता म्हणून. प्रत्यक्षात खोपा विणतो नर. सालिम अली यांनी 1930 साली अलिबागजवळच्या किहीम येथे एका वसाहतीवर दीर्घकाळ पाळत ठेवून हे सारे नोंदले. नर घरटे अर्धवट विणतो, मादी येऊन पारखते, पसंत पडले तर आत राहते. मग नर ते पुरे करून दुसरे घरटे आणि दुसरी मादी यांच्या मागे लागतो. छायाचित्रकाराने ही गोष्ट मनात पक्की धरावी अशी आहे, कारण अंडी उबवते ती एकटी मादी, सुमारे 14 ते 17 दिवस. माणूस झाडाखाली उभा राहिल्याने ती तासभर आत शिरू शकली नाही, तर तिच्या जागी बसणारे दुसरे कोणी नसते.

शिंपी पक्ष्याचे संकट याहून मोठे. त्याचे पाने शिवून केलेले घरटे अंगणातल्या झुडपातही सापडते. चित्रात मध्ये येते म्हणून एखादी फांदी दोऱ्याने बाजूला बांधली जाते, आणि कॅमेऱ्याला जे दिसले ते कावळ्याला आणि भारद्वाजालाही दिसते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य पक्ष्यांच्या घरट्यांना वा अंड्यांना उपद्रव देणे शिकारीच्या व्याख्येतच घातले आहे, हे हौशी मंडळींना क्वचित ठाऊक असते. मोबाइलवर साद वाजवून नराला बोलावण्याची युक्तीही तशीच. प्रतिस्पर्धी आला असे समजून तो चारा सोडून भांडायला धावून येतो. चित्र मिळते, त्याची सकाळ वाया जाते.

खरा उपाय कंटाळवाणा आहे. वसाहतीपासून दूर, पाण्याच्या किंवा पेरलेल्या बाजरीच्या बाजूला मातकट कापडाचा आडोसा करून बसावे आणि घरट्याकडे जाणारी वाट सोडून पात्याच्या धांदोट्या फाडायला येणारा नर टिपावा. भिंगाला लाखभर रुपये मोजणारा मनुष्य या दोन तासांना मात्र महाग म्हणतो! शिरूर-दौंडच्या पट्ट्यात आणखी एक पथ्य आहे: उसाच्या कडेला पहाटे वा संध्याकाळी एकट्याने बसू नये. तेथे बिबट्याचा वावर आहे, आणि खाली वाकून बसलेला माणूस त्याला माणसासारखा वाटतोच असे नाही.

दिवाळीच्या सुमारास पिल्ले उडून जातात आणि वाळलेले खोपे बाभळीला हेलकावत राहतात. दिवाणखान्यात टांगायला म्हणून ते तोडून नेण्याची चाल आहे. त्यांत पुष्कळदा शुभ्रकंठी मुनिया रात्रीच्या आसऱ्याला येतात, कधी त्यांतच अंडीही घालतात. थंडीत सूर्य उगवताना दूरवर आडोसा धरून बसले, तर एकाच खोप्यातून त्या एकामागून एक बाहेर पडताना दिसतात.