भिंत उभी राहण्यापूर्वी

संगणकावर घराचा नकाशा काढताना पहिला नियम असा, की प्रत्येक माप खरे द्यावे. १९८२ साली आलेल्या ऑटोकॅडसारख्या आज्ञावलीत तीन मीटरची खोली तीन मीटरचीच आखली जाते. १:१०० या प्रमाणात ती तीन सेंटीमीटरची होते, ती केवळ कागदावर छापताना. विटांच्या बाहेरील भिंतीची जाडी सामान्यतः २३ सेंटीमीटर, आतील भिंतीची साडेअकरा. ही जाडी आधी मांडली, की वापरायला जागा किती उरते ते उघड होते. भिंती, दारे व सामान वेगवेगळ्या थरांवर ठेवल्यास एकेक तपासणे सोपे जाते.

या नकाशात पलंग व कपाट मांडून पाहावेच; त्यासोबत चाकांची खुर्चीही फिरवून पाहावी. न्हाणीघराचे दार अनेकदा ७५ सेंटीमीटरचेच ठेवतात. चौकटीची जाडी वजा जाता खुर्ची आत जाणे कठीण होते. मोकळी वाट ९० सेंटीमीटर असावी.

पडद्यावर भिंत सरकवण्यास क्षण पुरतो. बांधलेली भिंत फोडण्यास पैसा व दिवस लागतात. आणि तोवर घरातील आजी आपल्याच न्हाणीघराच्या दाराशी कुणाची तरी वाट पाहत थांबलेली असते.